टिपणिसांचा चंद्रोदय

आमच्या बिल्डिंगमध्ये चंद्रहास टिपणिसांचा फोन महिन्यातून एकदा संध्याकाळभर खणखणत असे. त्या दिवशी संकष्टी असायची. भारतातून आणलेल्या कॅलेंडरावर चंद्रोदयाची मुंबईची वेळ असते, ती दुबईत काय कामाची? म्हणून अर्ध्या दुबईतली मराठी घरं टिपणिसांना विचारून मगच उपास सोडायची. ते एसीच्या एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होते. ऑफिसातून आले की गणित मांडून बसायचे आणि प्रत्येकाला वेळ सांगून पुढे म्हणायचे, "क्षितिज मोकळं असेल तर."

मी त्यांच्या समोरच्या दारात राहायचे. खरं सांगते, मला त्या माणसाचा राग यायचा. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. कोणी "सूर्य मावळला" म्हणालं, तरी हे "पृथ्वी फिरली" म्हणणार. माझ्या लेकीने चित्रात चंद्रकोरीच्या पोटात चांदणी काढली, तर तिला समोर बसवून सांगितलं, की तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो, चांदणी दिसूच शकत नाही. पोरगी रडत घरी आली.

पण माणूस कोरडा नव्हता. वॉचमन हमदुल्लाला पटवून त्यांनी गच्चीवर पत्र्याची एक खोली उभारली, तिच्यात दुर्बीण ठेवली आणि बाहेर पाटी लावली, 'चंद्रवेधशाळा'. रमझानच्या चंद्राच्या वेळी हमदुल्ला स्वतः दुर्बिणीपाशी पहिला उभा असायचा. शुक्रवारी पोरांची रांग लागायची. दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या एका हॉलमध्ये टिपणीस स्लाइड्स लावून आकाशगंगा समजावून सांगायचे. "आपली आकाशगंगा म्हणजे मोठं थालीपीठ. आणि आपण मधल्या भोकापाशी नाही बरं का, आपण कडेकडचा एक तीळ." ऐकताना मीसुद्धा राग विसरायचे.

त्यांचं एकच दुःख होतं. मला म्हणायचे, "वहिनी, लोक मला चंद्राची वेळ विचारतात. चंद्राबद्दल कुणी काही विचारत नाही."

त्यातूनच त्यांना ती कल्पना सुचली. संकष्टीला दिवस मावळल्यावर चंद्र उगवेपर्यंत मधे थोडा वेळ काळोख असतो. तेवढ्या वेळात दुबईबाहेर, उम्म अल कुवैन गावाच्या पुढे, वाळूत, दिव्यांपासून लांब जायचं. आधी आकाशगंगा बघायची, मग चंद्रोदय, आणि तिथेच मोदक खाऊन उपास सोडायचा. त्यांच्या शास्त्राला आणि आमच्या गणपतीला एकाच सतरंजीवर बसवणारा तो कार्यक्रम लोकांना फार आवडला. दोन वर्षं चांगला चालला.

त्यांची बायको शालिनीवहिनी. गोड बाई, नवऱ्याच्या अगदी उलट, कोणाचंही म्हणणं खरं करणारी. एकदा टिपणिसांची कंपनी बंद पडली, व्हिसा संपत आला, तेव्हा तिने संकष्टीचा नवस बोलला होता. नोकरी मिळाली आणि उपास कायमचा लागला. तोही कडक, फळ नाही की दूध नाही, चंद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय तोंडात काही घालायची नाही. पुढे तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं, तर नुसती हसली. टिपणीसही म्हणायचे, "चंद्र दाखवायची जबाबदारी माझी. मी वेळेवर दाखवतोच." त्याचा त्यांना अभिमान होता.

सत्त्याण्णवचा सप्टेंबर. तीन दिवसांपूर्वी खग्रास चंद्रग्रहण होऊन गेलं होतं आणि पितृपंधरवडा लागला होता. संकष्टी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आली. माझ्या सासूबाईंचा दुपारी सोलापूरहून फोन आला, "पक्षाच्या दिवसांत रानावनात जाऊ नका." मी असलं काही मानत नाही, तरी फोन ठेवल्यापासून मन थाऱ्यावर नव्हतं. बाहेर वारा पूर्ण पडला होता.

गाडीत शालिनीवहिनी माझ्या शेजारी बसली होती. गळ्याला घाम, हात गार.

"बरं नाही का वाटत?"

"उपासाचं ग. सकाळची शुगरची गोळी तेवढी घेतली. औषधाने काही उपास मोडत नाही."

आम्ही सगळ्या हेच मानत आलो होतो. रिकाम्या पोटी ती गोळीच घात करते, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी नुसती मान हलवली आणि खिडकीची काच वर केली.

आम्ही चार गाड्या घेऊन गेलो होतो. वाळूवर सतरंज्या पडल्या, अंधार झाला आणि डोक्यावर आकाशगंगा उमटली. टिपणीस रंगात आले. "हा पट्टा मधे दुभंगलेला दिसतोय? काळी भेग? तिथे तारे नाहीत असं नाही. तारे आहेत. मधे धूळ आहे. दिसत नाही म्हणजे नाही, असं समजायचं नाही."

पोरं "वाव, अंकल" करत होती. मी मात्र पूर्वेकडे बघत होते. तिकडे खाली एकही तारा नव्हता. क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत नुसतं मळकट काही तरी चढलं होतं, आणि दर थोड्या वेळाने आणखी एखादी चांदणी त्यात बुडत होती.

सव्वाआठची वेळ सांगितली होती. ती होऊन गेली. चंद्र नाही.

"धूळ आहे," टिपणीस म्हणाले. "चंद्र उगवलेला आहे. जरा वर आला की दिसेल."

"मग खलास! उगवलाय ना, जेवूया," सत्यजित नावाचा एक तरुण इंजिनिअर म्हणाला. डबे उघडले, लोक खाऊ लागले. शालिनीवहिनीने डबा मांडीवर घेतला, पण झाकण काढलं नाही. मी म्हटलं, "अगं, भाऊजीच सांगतायत उगवला म्हणून." ती म्हणाली, "दिसू दे ना."

त्यांची रिद्धी बारा वर्षांची. ती बापाला म्हणाली, "बाबा, शी इज शिव्हरिंग. टेल हर टु ईट."

"दोन मिनिटं, बेटा. येतोच आहे वर."

तेवढ्यात वहिनी एकदम सरसावून बसली. समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला, धुरकटात एक केशरी गोळा दिसत होता. तिने हात जोडले. "दिसला ग बाई. तो बघ चंद्र." आणि तिने डब्याचं झाकण काढलं. मोदक हातात घेतला. तो तोंडापाशी नेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

टिपणीस हसले. "अगं, तो चंद्र नाही! चंद्र पश्चिमेला उगवतो का कधी? तो इंडस्ट्रियल एरियातला दिवा आहे."

सगळे हसले. मीही हसले असेन. वहिनीने मोदक डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. त्या क्षणी मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि का वाटली हे तेव्हा कळलं नाही. बाईला दिशा कळेनाशी झाली होती. नवऱ्याला त्यात फक्त चूक दिसली.

मग ती बडबडू लागली. मला "ताई" म्हणाली, गाय बांधली का विचारलं. शब्द जड येत होते. रिद्धी किंचाळली तेव्हा ती आडवी झाली होती, पदर घामाने चिंब. मोदक कुस्करून तोंडात घालायला गेलो, तर दातखीळ बसली होती. "यल्ला, गाडी काढ!" सत्यजित ओरडला. गाडीची चाकं वाळूत रुतली, पुरुषांनी ढकलली. टिपणीस बायकोचं डोकं मांडीवर घेऊन एकच वाक्य म्हणत राहिले, "आला ग, येतोच आहे."

डांबरी रस्त्याला लागलो आणि मागच्या काचेत तो धुळीतून वर आला. तांबूस, मोठा, एका कडेने झिजलेला. रिद्धी म्हणाली, "ममा, लुक, मून." कोणी मागे वळून पाहिलं नाही.

वहिनी शुद्धीवर आलीच नाही. सर्वपित्रीच्या आत गेली.

गच्चीवरची पाटी टिपणिसांनी स्वतः काढली. दुर्बिणीला चादर गुंडाळून ती हमदुल्लाच्या खोलीत ठेवली. ऊद मेथाच्या हॉलवाल्यांनी पुन्हा विचारलं, तर त्यांनी हात जोडले. पुढची संकष्टी आली तेव्हा बिल्डिंगमध्ये कोणाची त्यांना फोन करायची छाती झाली नाही. पण बाहेरच्यांना काय माहीत? तिन्हीसांजेला त्यांचा फोन वाजला. दार उघडं होतं, मी माझ्या दारातून ऐकत होते. अजून पश्चिमेला उजेड होता.

"हो," टिपणीस म्हणाले. "उगवला. मी बघितला. जेवून घ्या."

फोन पुन्हा वाजला. पुन्हा तेच. "क्षितिज मोकळं असेल तर" नाही, गणित नाही, काही नाही. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस एकेका घराला खोटं सांगत होता, आणि त्यांचा आवाज जराही हलत नव्हता.

मी दारात उभी आहे, हे त्यांना दिसलं. "वहिनी, तुमचाही उपास ना?"

"हो."

"उगवलाय. जेवा."

मी खिडकीशी जाऊन पाहिलं. आभाळ रिकामं होतं. मला रडू फुटलं. मग मी पान वाढून घेतलं आणि जेवले.