जळक्या ब्रेडचं भविष्य

पंच्याऐंशी साली अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात माझ्या शेजारी एक म्हातारा राहायचा. आडनाव बाकर, म्हणजे डच भाषेत पाववाला. घराण्यात कित्येक पिढ्या कुणी पाव भाजला नव्हता. पण आडनावाची लाज राखायला हा दर शनिवारी ब्रेड करायचा, हमखास जाळायचा आणि अर्धा मला द्यायचा. माझं आडनाव जोशी, म्हणजे ज्योतिषी, हे मी सांगून बसलो आणि तो भविष्य विचारू लागला.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मला तरी ब्रेडमधलं कुठे कळतं?”

हार्टच्या ऑपरेशनला जाताना मात्र त्याने न हसता हात पुढे केला. मी रेघा बघितल्या. “तुम्ही अजून पुष्कळ ब्रेड जाळणार आहात.”

पुढे एका शनिवारी कॉरिडॉरभर जळका वास सुटला. आमच्या घराण्यातलं पहिलं खरं भविष्य! मी बटर घेऊन दारात उभा राहिलो.