चाळीस लाटांची बाटली

"कॅप्टन, इथला सगळ्यात चांगला बीच कोणता?"

झानीस बस चालवतो, जहाज नव्हे. पण पाहुणे त्याला कॅप्टनच म्हणतात, आणि अडतीस हंगामांत त्याने एकालाही सुधारलेलं नाही. लोकांना सुधारायचं तर अंगात दम लागतो. सकाळी बंदरावरून माणसं भरायची, तीन किनाऱ्यांवर ओतायची, आणि संध्याकाळी तीच माणसं उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली की गोळा करून परत आणायची, एवढं त्याचं काम. एजियन समुद्रातल्या या बेटावर बोटीतून उतरलेला प्रत्येक जण बसच्या पहिल्या पायरीवर हा एकच प्रश्न विचारतो. आणि झानीसचं उत्तर डोक्याची परवानगी न घेता तोंडातून बाहेर पडतं.

"वाऱ्याला विचारा. उत्तरेचा असेल तर वाग्या, दक्षिणेचा असेल तर आस्प्री. मुळीच नसेल तर कुठेही जा. आणि चारी बाजूंनी असेल तर कॉफी प्या."

यात काही विनोद नाही. बेटावरचं शेंबडं पोरही आंघोळीला निघण्याआधी बोट ओलं करून वर धरतं आणि मग किनारा ठरवतं. पाहुण्यांचा किनारा मात्र घरून निघतानाच फोनवर ठरलेला असतो. तेव्हा पालथ्या घड्यावर पाणी. भर उत्तरेच्या वाऱ्यात ते आस्प्रीला जातात, दातांत वाळू घेऊन परततात आणि झानीसकडे अशा नजरेने बघतात, जणू तो वारा यानेच डिकीतून आणला.

साऱ्या जगाला समुद्रावर नेऊन सोडणारा हा माणूस स्वतः पोहला, त्याला अकरा उन्हाळे झाले होते.

त्याची बायको मारुसो त्याला म्हणायची, "न्हाव्याची दाढी वाढलेली असते म्हणतात ना, ते तुला बघून म्हणतात."

मारुसोला पोहण्याचं वेड नव्हतं. तिला वर्षातून एक दिवस समुद्र हवा असे. ईस्टरनंतरचा चाळिसावा दिवस, ख्रिस्त स्वर्गात गेला तो गुरुवार. त्याआधी बेटाचा माणूस पाण्यात पाय घालत नाही. एप्रिलमध्ये उड्या मारणाऱ्या पाहुण्यांकडे बायका खिडकीतून बघतात आणि चुकचुकतात. त्या गुरुवारी मात्र ज्याने त्याने आपल्या किनाऱ्यावर जायचं आणि चाळीस लाटांचं पाणी आणायचं. प्रत्येक लाटेचं थोडं थोडं, कॉफीच्या कपाने. ती बाटली देव्हाऱ्यातल्या तसबिरीशेजारी वर्षभर ठेवायची. घरावरची पीडा टळते. मारुसोच्या आईने त्याला आणखी एक अट लावून ठेवली होती: पाणी भरणाऱ्याने चाळीस होईपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही. बोललात, तर बाटलीत नुसतं खारं पाणी.

दोन वर्षांपूर्वी मारुसोला ताप होता म्हणून झानीस एकटाच गेला. छत्तिसाव्या लाटेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात मागून कुणी विचारलं, "सगळ्यात चांगला बीच कोणता?" आणि झानीसचं तोंड म्हणालं, "वाऱ्याला विचारा."

बसची वेळ झाली होती. उरलेल्या चार लाटा घाईघाईने भरून त्याने बाटली घरी आणली. आणि हा बापडा इतका सरळ, की झालं ते सगळं बायकोला सांगितलं. मारुसो काही बोलली नाही. त्या हिवाळ्यात ती चर्चच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. तेव्हाही ती म्हणाली, "मी कुठे काय म्हणतेय?" दोन वर्षं ती हेच म्हणत होती. चार शिव्या दिल्या असत्या तर झानीसला झोप तरी लागली असती.

आता काठीशिवाय तिला चालवत नव्हतं आणि चढ तर मुळीच चढवत नव्हता. ऑक्टोबरमध्ये दोघांनी अथेन्सला, मुलीकडे जायचं ठरलं होतं. अनेझिनाचं घर तिसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे. खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चड्डी दिसते, समुद्र नाही. म्हणजे बेटावरचा हा शेवटचा गुरुवार. मारुसोने तीन महिने आधी सांगून ठेवलं होतं, "त्या दिवशी बस नाही. मला कोहिलीला न्यायचं, आईच्या किनाऱ्यावर."

"नाही म्हणजे नाही," झानीसने कबूल केलं होतं.

आणि नेमकी त्याच गुरुवारी नवी मोठी बोट लागली. दुसरा ड्रायव्हर बेटावर नाही. सकाळी नऊला झानीस मान खाली घालून बूट चढवत होता, तेव्हा मारुसो रिकामी बाटली आणि कॉफीचा कप घेऊन दारात उभी.

"अगं, बावीस माणसं आहेत."

"मग मी तेविसावी."

ती त्याच्या मागच्या सीटवर बसली, काठी दोन गुडघ्यांत धरून. आस्प्रीच्या फाट्याला झानीसने डावीकडे वळवायच्या ऐवजी बस उजवीकडे घातली, मातीच्या रस्त्याला. मागे कुजबुज झाली. कोहिलीपाशी त्याने इंजिन बंद केलं.

"इंजिन तापलंय," तो आरशात बघून म्हणाला. "दहा मिनिटं."

कोहिलीत बघण्यासारखं काहीही नाही. ओंजळभर किनारा, गोटे, सुकलेल्या समुद्रगवताचे ढीग आणि एक वाकडं झाऊचं झाड. इथे मारुसोची आई पाणी भरायची, तिचीही आई भरायची. झानीसने मारुसोला धरून धरून एका खडकावर बसवलं, तिचे पाय पाण्यात ठेवले, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो आत शिरला. पाणी गार होतं. बरं वाटलं. पण बरं वाटायलाही वेळ नव्हता.

एक. दोन. तीन. लाटा लहान होत्या, आळशी. मागून बसमधले लोक एकेक करून खाली उतरत होते.

एकतीस.

"कॅप्टन!" मोठ्या टोपीचा एक गृहस्थ गोट्यांवरून लटपटत येत होता. "हाच का इथला सगळ्यात चांगला बीच?"

"वाऱ्याला..." झानीस म्हणाला, आणि तिथेच थांबला.

टोपीवाला उत्तराची वाट बघत राहिला. मारुसोने डोळे मिटून घेतले.

"किती झाल्या होत्या?" तिने विचारलं.

झानीस गप्प.

"आता कशाला गप्प? बोललास ना एकदा?"

"एकतीस."

"ओत."

त्याने बाटली उपडी केली. पाणी गळून जाईपर्यंत बघत राहिला आणि मग तिच्या खडकाशेजारी ओल्यातच मटकन बसला.

"सरळ बुडवून भरतो गं. समुद्र तोच आहे. कुणाला कळणार?"

"मला."

"माझं तोंडच माझ्या ताब्यात नाही. ते बसचं झालंय."

मारुसोने त्याच्याकडे बघितलं. मग दोन वर्षं अडवून ठेवलेलं बाहेर पडलं.

"मी पडले ती पायऱ्या ओल्या होत्या म्हणून, गाढवा. तुझ्या छत्तिसाव्या लाटेमुळे नव्हे. काय तू पण! इतकं मनाला लावून घेतलंस होय?"

"तू सांगितलं कधी?"

"तू विचारलंस कधी?" तिने नाक ओढलं. "ऊठ. मी मोजते, तू भर. बोलायचं ते मी बोलेन."

"तुझी आई तर स्वतःच भरायची, मनातच मोजायची..."

"आईचं कंबरडं धड होतं. ऊठ."

झानीस उठला. ती मोठ्याने मोजू लागली, शाळेत हजेरी घेतात तशी. आकडा आला की तो वाकायचा, कपभर घ्यायचा, बाटलीत ओतायचा. टोपीवाला पुन्हा तोंड उघडणार, तोच तिने काठी उगारून मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सुनावलं, "साहेब, टोपी सांभाळा. उडाली तर हा आणून देणार नाही, आज त्याला सुट्टी आहे." त्या माणसाने खरंच दोन्ही हातांनी टोपी धरली. आणि वर सतरा म्हणायला ती चुकली नाही.

तीस. पस्तीस. सूर्य वर चढला होता. रस्त्यावर कुणीतरी बसचा हॉर्न वाजवून बघितला, मग आणखी एकदा, जरा लांब. आस्प्रीला पोहोचायला तासभर उशीर झाला होता. संध्याकाळी तक्रारी येणार, त्या कोण कशा लिहिणार हेही झानीसला पाठ होतं.

"अडतीस," मारुसो म्हणाली.

त्याने भरलं.

"एकोणचाळीस."

त्याने भरलं आणि पुढच्या लाटेसाठी वाकून उभा राहिला. लाट आली, त्याच्या पोटऱ्यांवर फुटली, गोट्यांतून खळखळत परत गेली. मारुसो काही बोलली नाही. दुसरी आली. चांगली भरलेली, गुबगुबीत लाट. तीही गेली. तिसरी आली.

झानीसने मान वळवून बघितलं. मारुसो पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघत होती. सुजलेले, पांढरे पाय, आणि त्यांच्यावरून येणारं जाणारं पाणी. तिला लाटा दिसत होत्या. चौथी, पाचवी. ती मोजत नव्हती.

हॉर्न पुन्हा वाजला. झानीसची कंबर भरून आली होती. त्याला बोलायची मनाई होती, म्हणून तो काही बोलला नाही. रिकामा कप हातात धरून तसाच वाकून उभा राहिला.