चौकशीकाकूंच्या चपला

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या गल्लीत कुठलीही बातमी आली की चौकशीकाकू आधी चपला शोधत. "तू डोळ्यांनी पाहिलंस?" एवढंच त्या विचारत, आणि नाही म्हटलं की सांगणाऱ्याचं मनगट धरून गुजरातीत म्हणत, "चालो, जोई आवीए," म्हणजे चला, बघून येऊ. कुणाच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केल्याचं कानावर आलं, तरी सांगणाऱ्याला घेऊन थेट त्या मुलीच्या दारात. त्यामुळे गल्लीत चहाड्या करायची सोयच उरली नव्हती. चौकशीकाकू हे नाव आम्हीच ठेवलेलं, अर्थात पाठीमागे.

शहरात दंगल पेटली त्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरचा जयेश धापा टाकत आला. म्हणे, समोरच्या उस्मानभाईंच्या गच्चीवर चादरीखाली दगड रचलेत. बघता बघता पाच-सहा पोरं काठ्या घेऊन जमली. त्यांत माझा थोरला भाऊही होता, लपवण्यात अर्थ नाही.

काकूंनी जयेशचं मनगट धरलं. "तें आंखे जोयुं?" "ऐकलंय," तो म्हणाला. दुखरे गुडघे सावरत त्या उस्मानभाईंचा जिना चढल्या, मागून आम्ही सगळे. चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा होत्या खऱ्या. काकूंनी चादर उचलली. खाली वर्षाचे गहू होते, कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळून ठेवलेले. उस्मानभाईंच्या पत्नी, हमीदाबेन, परात छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं की आमच्या गच्चीवर रॉकेलचे डबे आहेत.

"मग आमचीही गच्ची बघून या," काकू त्यांना गुजरातीत म्हणाल्या आणि त्यांचंही मनगट धरून आमच्याकडे घेऊन आल्या. वर सापडल्या आईच्या साबुदाण्याच्या पापड्या. भावानं काठी कधी खाली ठेवली, ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघी रोज सकाळी दोन्हीकडच्या गच्च्या हिंडायच्या. संचारबंदी उठेपर्यंत गल्लीत एक काचही फुटली नाही. अख्ख्या बडोद्यात आमच्याइतकी ताठ मानेची गल्ली नसेल, असं मी आजही ऐटीत सांगते.

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात फोनवर मेसेज आला की नाक्यावर जमाव जमलाय, दारं लावून घ्या. मी चपला शोधायला धावले, तर थोरला भाऊ आधीच दारात, पिकल्या केसांनिशी वाकून चपला घालत होता. समोरच्या जिन्यावरून हमीदाबेनची सून उतरत होती.

"चालो," तो तिला म्हणाला, "जोई आवीए."