चुकीचंच बोला, मावशी

त्या दिवशी कोण कोण होतं ते आधी सांगते. बदलापूरच्या सोसायटीचा हॉल. पाटकर मॅडम, ज्यांच्याकडं मी पोळ्या करायची. त्यांच्या शेजारच्या रेश्मा भाभी, उल्हासनगरला कपड्याचं दुकान असलेल्या. जिने पुसणारी सुमन. मी. आणि खुर्च्यांवर सोसायटीच्या बायका, नटूनथटून. महिला दिन होता.

माझा नंबर यायचा होता. मॅडमनी मला पडद्यामागं घेतलं.

"मावशी, ते जुनंच बोला हां. ॲमवालं."

"ते चुकीचं हाय ना?"

"म्हणून तर. बरोबर बोललात तर हसणार कोण?"

रेश्मा भाभी बाजूलाच होत्या. "अरे मावशी, कॉमेडी आयटम है तुम्हारा."

मला वाटलं होतं, माझं भाषण हाय.

मी दुसरीत शाळा सोडली. बुवापाड्यात राहते. नवरा लवकर गेला. पोळ्या लाटून पोरं मोठी केली. आता नव्या टॉवरमधली माणसं इंग्रजीत बोलतात. कामाचं बोलायचं तर दर वेळी मॅडम मध्ये. हात माझे, आणि तोंड दुसऱ्याचं. ते मला नको होतं. म्हणून मॅडमनी कामवाल्यांसाठी फुकट क्लास काढला तेव्हा पयली मी जाऊन बसली. खाली, सतरंजीवर.

पयल्याच दिवशी विचारलं, रोज काय काय करता? मी बोलली, "आय ॲम डेली वेकिंग अप फोर ओक्लॉक. माय सून गो कंपनी." मॅडमनी मोबाईल धरलेला. मला वाटलं, शिकवायसाठी असंल. तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेला. लिफ्टमध्ये शिकलीसवरली माणसं मला बघून विचारायची, "काय मावशी, डेली वेकिंग?"

क्लास सोडला नाय. पोळ्या लाटताना घोकत राहिली. रोजचं सांगताना ॲम नको. आय वेक अप. सुनेचं सांगताना गो नाय, गोज. या वयात जीभ वळत नाय. वळवली.

आणि आता ही बाई बोलते, परत वाकडी कर.

मी माईक घेतला. "आय वेक अप ॲट फोर. आय कुक. माय डॉटर-इन-लॉ गोज टू कंपनी." कोणी हसलं नाय. मॅडम बाजूनं हात हलवत होत्या, जुनं, जुनं. पुढं मी अडखळली. "शी कम होम..." शेवटचा स राहिला. तेव्हा सगळ्या हसल्या. वाटच बघत होत्या जशा.

मी थांबली. मराठीत बोलली, "ही चूक माझी हाय. शिकताना झाली. मघाशी मला दुसरी चूक करायला सांगितली होती, तुम्ही हसावं म्हणून. ती मी केली नाय. करणार नाय."

खाली उतरली. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. बसली. सुमन भिंतीजवळून आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम दारातच.

"मावशी, सगळ्यांसमोर माझी शोभा केलीत. मी दुसरी बाई बघितली."

"बरं," बोलली. चप्पल काढलीच नव्हती.

आता सुमन आणि मी माझ्या ओट्यावर बसतो. चुकतो. एकमेकींचं सुधारतो. मागं वांगणीच्या एका फार्महाऊसवाल्यांशी कामाचं मी स्वतः बोलली. चुकली. काम नाय भेटलं. आणखी कुठं विचारीन. इंग्रजीतच विचारीन. मध्ये कोणी नको.

वाचणाऱ्यांकडं एवढंच मागते. तुमच्या फोनमध्ये माझा तो व्हिडिओ असंल, नायतर माझ्यासारख्या कुठल्या बाईचा असंल. तो पुसून टाका. आणि तुमची कामवाली बोलताना चुकली तर तिला सांगा. ग्रुपला नको.