तांब्यावरची आई

मी जात्याच संशयी. एपीएमसीतून आंब्याची पेटी आणली तरी आधी खालचा थर उपसून बघते. त्यामुळे त्या सोमवारी शिरवण्यातल्या आमच्या गाळ्यात माझ्या पत्र्याच्या रेषांत काळी शाई दिसली, तेव्हा डोकंच सणकलं. शुक्रवारी मी स्वतः तो टर्पेंटाइनने लख्ख पुसून ठेवला होता.

तांब्याच्या त्या पत्र्यावर माझी आई होती. ती गेली त्याच्या आदल्या महिन्यात तिला समोर बसवून मी थेट पत्र्यावरच सुईने काढली, मग ॲसिडमध्ये रेषा खोल केल्या. त्या रेषांत शाई भरायची, वरवरची पुसायची आणि ओला कागद ठेवून पत्रा प्रेसखालून काढायचा. दहाच छाप काढायचे, मग पत्र्यावर फुली कोरायची, म्हणजे पुढे कुणाला चांगला छाप काढता येत नाही. आमच्यात ही रीतच आहे. माझे सात झाले होते.

गाळ्याची दुसरी किल्ली फक्त मैत्रिणीकडे. कॉलेजपासूनची सोबत, प्रेसही दोघींची. विचारलं तर म्हणाली, "छे गं, मी कशाला हात लावू?" पण बघत होती भलतीकडेच. त्यात गाळ्याच्या मालकीणबाई, गावातल्याच, सहज बोलून गेल्या, "तुजी मैत्रीन रविवारी आल्ती की. दार लावून बसलीवती."

झालं! माझी आई हिने चोरून छापली? आणि वर तोंडावर खोटं?

"मग हे घे," म्हणाले आणि तिच्यासमोर पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली ओढली. आईच्या तोंडावरून.

"अगं थांब!" ती ओरडली, तोवर व्हायचं ते झालं होतं.

मग तिने कपाटामागून एक कागद काढला. पत्र्यावरचं चित्र छापात उलटं येतं. माझ्या सातही छापांत आईची चमकी उजव्या नाकपुडीत गेली होती आणि 'ही माझी आई वाटतच नाही' म्हणून मी कित्येक महिने हिचं डोकं खाल्लं होतं. हिने एक छाप काढून तो ओला असतानाच दुसऱ्या कागदावर दाबला होता. त्यामुळे चित्र पुन्हा सुलटं झालं. जरा फिकट होतं, पण आई होती. मधला छाप तिने फाडून टाकला होता, माझे दहा पुरे झाले की हा अकरावा ठरू नये म्हणून.

"वर्षश्राद्धाला देणार होते तुला," ती म्हणाली. "चोर समजलीस ना मला?"

"हो." आता खोटं काय बोलणार?

वर्षश्राद्धाला ती आली. पदर खोचून सगळ्या पंगतीला वाढलं. माझ्या घरी जेवली मात्र नाही.