बिनानावाचा बिल्ला

तोंडाने सांगायला गेले तर ही फजिती माझ्या घशातच अडकून बसेल, म्हणून लिहून सांगते. तुम्ही हसलात तरी मला दिसणार नाही, एवढंच समाधान!

मी नववीत होते. आग लागल्यावर काय करायचं हे शिकण्यासाठी शाळा दरवर्षी मुलींचं एक पथक काढते. बाईंनी विचारलं, "कोणाला यायचं नाहीये? हात वर करा." आता वर्गात हात वर करणं मला जमतं का? नाही. झालं! मी पथकात गेले.

शिकवायला अग्निशमन दलातले प्रशिक्षक होते, निकम सर. मनमाडचे. लहानपण रेल्वेच्या फलाटाजवळ गेलं असावं, कारण ते साधं "पाणी द्या" म्हणाले तरी गाडी सुटल्यासारखं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला मैदानाच्या कोपऱ्यात नेलं. तिथे एक लांबट खोली होती. वर पत्रे, खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींना ताजा चुना. एका टोकाला आत जायचं दार, दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं.

"ही धुराची खोली," सर म्हणाले. "धूर नाटकात सोडतात तसला आहे, खोकला येईल, बाकी काही होणार नाही. आत तात्या पडलेले आहेत."

तात्या म्हणजे वाळू भरलेला खाकी कपड्यांतला पुतळा. भिंतीला एक हात लावून रांगत जायचं, तात्यांना शोधायचं आणि ओढत मागच्या दाराने बाहेर काढायचं.

"तुमच्या आईवडिलांनी कागदावर सह्या दिल्यात," सर पुढे म्हणाले. "पण आत काही झालं तर त्या सह्यांमागे मला लपता येणार नाही. कायदा मलाच विचारणार. आणि कायद्याच्या आधी तुमची आई विचारेल!"

म्हणून बिल्ल्यांची पद्धत. दाराशेजारी एक फळी, फळीवर खिळे. आत जाताना आपल्या नावाचा लाकडी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. तो बाहेर येईपर्यंत कोणी घरी जायचं नाही.

मी बोलत नाही, पण बघते खूप. सर धुराचं यंत्र बघायला गेले तेव्हा मला दिसलं, फळीच्या कोपऱ्यातल्या खिळ्याला एक जुना बिल्ला लटकत होता. झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर नाव नव्हतं.

दारावर उभे राहणारे भिकाकाका दिंडोरीकडचे. मी त्यांना हळूच विचारलं, "काका, हा कोणाचा?"

काका तंबाखू मळत म्हणाले, "त्यो व्हय? जो आत असतो ना, त्याचा."

"आत कोण असतं?"

"ते सांगायचं नाय. सरांनी बजावलंय."

सांगा, यानंतर कोणाला झोप लागेल?

त्यात वैशाली! माझी मैत्रीण, शेजारच्या बाकावरची. मी न बोललेले सगळे शब्द तीच वापरते. ती म्हणाली, "शुभे, मागच्या तुकडीतल्या मुली काय सांगत होत्या माहितीये? आत गेलं की आपला श्वास ऐकू येतो. आणि आपण श्वास रोखला ना..."

"काय?"

"तरी ऐकू येतो!"

परीक्षेच्या दिवशी माझा नंबर शेवटचा. थंडीचे दिवस, उन्हं लवकर उतरलेली. आमच्या बाई आणि बाकीच्या मुली मागच्या दारापाशी तात्यांची वाट बघत उभ्या. पुढच्या दाराशी मी आणि भिकाकाका. सर कुठे दिसेनात. सगळ्या मुलींनी आपापले बिल्ले काढून नेले होते. मी माझा अडकवला. आता फळीवर दोनच बिल्ले. माझा, आणि तो.

आत गेले. पांढरा काळोख पाहिलाय कधी? डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, सारखंच. भिंतीवर हात, गुडघ्यांवर मी. सगळीकडे ओल्या चुन्याचा वास.

हss... खट्. हss... खट्.

मी थांबले. मी श्वास रोखला.

हss... खट्.

माझ्या मागे, अगदी पायांजवळ. आणि मग माझ्या टाचेला काहीतरी लागलं. जाड, खरखरीत. पाच बोटं होती त्याला!

मी ओरडले का? छे. ओरडायलासुद्धा थोडा धीटपणा लागतो. मी लाथ मारली. काहीतरी मऊ लागलं, कोणीतरी कण्हलं. मी वळले, त्याला ओलांडलं, भिंत धरून आले तशी मागे पळाले, पुढच्या दारातून बाहेर पडले आणि दाराला बाहेरून कडी घातली.

भिकाकाका जागेवर नव्हते. तपासणीसाठी दलाचे मोठे साहेब जीपने आले होते आणि त्यांनी काकांना गेट उघडायला बोलावून घेतलं होतं. मला कोणीच पाहिलं नाही. मी दाराजवळच उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरमागे जाऊन बसले आणि चुन्याने भरलेल्या हातांनी डोळे पुसत रडले.

एवढ्यात मागच्या दाराकडून सरांचा आवाज आला. "मुलगी आत हरवली! तुमच्याकडून बाहेर आली का? नाही? मी परत आत जातोय!"

कोण मुलगी? माझ्यामागून कोणी आत गेली? त्याच्या तावडीत सापडली? आणि कडी तर मी घातलेली!

सगळे धावत पुढच्या दाराशी आले. साहेब, बाई, मुली, काका.

"दाराला कडी कोणी घातली?" साहेब गरजले.

"सर तर कधीच घालू देत नाय साहेब," काकांचा आवाज कापत होता. "आतून तर ही लागतच नाय!"

कडी काढली. धूर लोटला. आतून सरांची घोगरी हाक आली, लांबून, विहिरीतून आल्यासारखी. "शुभदाss..."

तेव्हा मला कळलं. हरवलेली मुलगी मी होते!

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं आणि सांगायचं. अहो, कसं सांगायचं? वैशाली हुंदके देत होती. "किती गुणी होती हो! एक शब्द उलटून बोलली नाही. मला गणितं दाखवायची..." बाई पदर तोंडाला लावून उभ्या. एवढं कौतुक चाललेलं असताना मध्येच टँकरमागून निघून "मी इथे आहे" म्हणणं बरं दिसतं का?

साहेब दारातून ओरडले, "निकम, तुम्ही बाहेर या! तुमचा मास्क तरी नीट आहे का?"

"मास्क निघालाय!" आतून खोकला. "मुलगी मिळाल्याशिवाय मी येत नाही!"

"हा हुकूम आहे! नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ द्या!"

माझ्यामुळे! एका चांगल्या माणसाची नोकरी जायची वेळ आली होती आणि मी टँकरमागे कौतुक ऐकत बसले होते. काहीतरी करायलाच हवं होतं. न बोलता. आणि मला युक्ती सुचली. बिल्ला! फळीवर बिल्ला नाही म्हणजे माणूस बाहेर. सगळे दारात वाकून बघत होते. मी धुराच्या आडून फळीपर्यंत गेले, माझा बिल्ला काढला आणि टँकरमागे परत आले. आता सगळ्यांना आपोआप समजेल.

काका मागे वळले. फळीकडे बघितलं. त्यांच्या हातातली तंबाखू गळून पडली.

"साहेब... पोरीचा बिल्ला! आत्ता होता हितं!"

"कोणी काढला?"

फळीवर फक्त तो झिजलेला बिल्ला हलत होता.

वैशालीने किंकाळी फोडली. "ती येऊन घेऊन गेली! तिला नियम फार प्रिय होते हो!"

बाई खाली बसल्या. काका कुठल्यातरी देवाचं नाव घेऊ लागले. आणि आतून सरांची हाक, आता अगदी बारीक. "शुभदाss... बाळा, घाबरू नको, मी येतोय..."

ती हाक ऐकवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण आवाजात ओरडले. "सर! मी इथे आहे!" आणि टँकरमागून बाहेर आले.

चेहरा चुन्याने पांढराफटक, डोळे लाल, केस सुटलेले, हातात बिल्ला.

त्यानंतर मैदानावर जी पळापळ झाली तिचं वर्णन माझ्याने होणार नाही. एवढंच सांगते, साहेब जीपमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या.

एकटे निकम सर खोलीतून बाहेर पडून माझ्या दिशेने आले. नाकावर सूज, डोळ्यांतून पाणी, मास्क गळ्यात लोंबकळत. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून त्यांनी आधी माझा श्वास तपासला. हss... खट्. गळ्यातल्या मास्कची हवेची झडप अजून उघडझाप करत होती, आवाज तिचाच होता. मग उठून त्यांनी फळीवरचा बिनानावाचा बिल्ला काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"तुमचा?" मी पुटपुटले.

"प्रत्येकीच्या मागे मीच असतो. आधी सांगितलं तर मुली भिंत सोडून माझाच हात धरतात, म्हणून सांगत नव्हतो."

साहेबांनी काच थोडी खाली केली. "निकम, ही मुलगी दोषी आहे. लेखी घ्या तिच्याकडून."

"लेखी मी देतो, साहेब," सर म्हणाले. "ती एवढी घाबरलीये हे मला आधी कळायला हवं होतं. आणि दारावरचा माणूस का हलला, तेही लिहितो."

साहेबांनी काच पुन्हा वर केली. नोकरी राहिली.

पुढच्या तुकडीपासून सर प्रत्येकीला दारात सांगू लागले, "आत श्वास ऐकू आला तर तो माझा आहे, लाथ मारू नका."

पण मुली कसल्या ऐकतात! यंदाच्या तुकडीतल्या एकीने मला परवा कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "ताई, त्या खोलीपाशी पांढऱ्या तोंडाची एक मुलगी फिरते. तिन्हीसांजेला येते आणि फळीवरून आपला बिल्ला काढून नेते. आमच्या वैशालीताईंनी स्वतः बघितलंय!"

ती मीच, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. पण शब्दच फुटेना.

आणि खरं सांगू? हल्ली दिवस मावळल्यावर मीसुद्धा त्या बाजूने जात नाही. न जाणो, मीच भेटले तर?