ठोकळ्याचा आकडा

इंदापुरात साइटवर ओल्या सिमेंटचा वास आला, की मला बारामतीच्या कॉलेजची लॅब आठवते. तिथे शिकत असताना, सणसरच्या शाळेच्या नव्या स्लॅबचा तपासणीला आलेला काँक्रीटचा ठोकळा मी मशीनखाली दाबत होतो. तो अर्ध्या भारालाच फुटला. "वाकडा बसला असेल," म्हणत सरांनी जुन्या जर्नलमधला, पास झालेल्या ठोकळ्याचा आकडा लिहायला लावला. मी लिहिला.

लॅबमधले शिपाई तात्या तुकडे भरत होते. एक त्यांच्या बोटांत चुरला.

"नात त्याच शाळंत हाय आमची. चांगला हाय न्हवं स्लॅब?"

"पास झालाय, तात्या."

काही महिन्यांनी स्लॅब पडला तेव्हा नात खालीच होती. तात्या नंतरही रोज मशीन पुसायचे. त्या दिवशी हातात भुगा असूनही त्यांनी माझं खरं मानलं होतं.